शेवटचा हात

औषधाची बाटली कारखान्यातून निघते, घाऊक विक्रेत्याकडे जाते, तेथून रुग्णालयाच्या भांडारात, भांडारातून वॉर्डच्या कपाटात आणि कपाटातून परिचारिकेच्या हातात येते. रुग्णाला दिसतो तो फक्त हा शेवटचा हात. गुण आला तर तो त्या हाताला दुवा देतो; अपाय झाला तर नातेवाईक त्याच हाताला धरतात, आणि पोलीसही पुष्कळदा तेथूनच आरंभ करतात. परंतु शेवटचा हात हाच दोषी हात असतो काय? आणि तो दोषी नसेल, तर झालेल्या हानीचे देणे कोणी फेडावयाचे? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आपण मात्र ते सतत एकमेकांत मिसळतो, आणि त्यातून पुष्कळ अन्याय जन्माला येतो, असे मला वाटते.

पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातील वाचकाला हा विषय दूरचा नाही. औषधनिर्मिती तर आपल्या दारातच झाली. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ह्या सरकारी कारखान्याने पिंपरीत पेनिसिलिन तयार करावयास आरंभ केला, आणि त्याच्या भोवती एक वसाहतच उभी राहिली. पुढे मोटारींचे कारखाने आले, मग चाकण वाढले. आज आपल्या धर्मग्रामांत अशी कितीतरी घरे आहेत की जेथे नवरा कारखान्याच्या असेंब्ली लाइनवर आहे आणि बायको, सून किंवा लेक परिचारिका आहे. म्हणजे ज्या घरातून रुग्ण जातो त्याच घरातून तो शेवटचा हातही जातो. म्हणून आपल्याला ह्या प्रश्नाकडे एकाच बाजूने पाहण्याची चैन परवडणारी नाही.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या सर जे. जे. रुग्णालयात जे घडले ते जुन्या वाचकांच्या स्मरणात असेल. मेंदूवरील सूज किंवा डोळ्यातील दाब उतरावा म्हणून काही रुग्णांना ग्लिसरॉल देण्यात आले. हे रोजच्या वापरातले औषध. लिहिणाऱ्याने योग्य तेच लिहिले होते, देणाऱ्याने लिहिले होते तेच दिले होते. परंतु त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. हे ब्रेक ऑइलसारख्या औद्योगिक द्रवांत वापरले जाणारे रसायन. चवीला गोडसर, दिसावयास ग्लिसरॉलसारखेच, आणि पोटात गेले की मूत्रपिंडे निकामी करणारे. चौदा रुग्ण दगावले.

चौकशीसाठी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमण्यात आला. त्या आयोगाची थोरवी अशी की तो शेवटच्या हातापाशी थांबला नाही. बाटली ज्या वाटेने आली त्या वाटेने तो उलट चालत गेला: पुरवठादाराकडे, खरेदी करणाऱ्या रुग्णालयाच्या प्रशासनाकडे, अन्न व औषध प्रशासनातील अधिकाऱ्यांकडे आणि सरतेशेवटी मंत्र्यांच्या दालनापर्यंत. १९८८ साली अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा तत्कालीन आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. ज्या परिचारिकांनी ते औषध दिले त्यांच्या मनाचे काय झाले असेल, ह्याचा विचार मी अनेकदा केला आहे. त्यांच्या हातून माणसे मेली हे खरे, आणि त्या निर्दोष होत्या हेही तितकेच खरे. संत थॉमस अक्विनास यांनी अनवधानाने घडलेल्या मनुष्यहत्येचा विचार करताना म्हटले आहे की, योग्य काम योग्य ती काळजी घेऊन करणाऱ्याच्या हातून मरण ओढवले, तर तो हत्येचा दोषी होत नाही. काळजी घ्यावयास हवी होती ती घेतली नाही, तर होतो. ह्या कसोटीवर त्या वॉर्डातील हात स्वच्छ ठरतात आणि कित्येक मैल दूर, टेबलाशी बसून सही करणारे हात मळलेले ठरतात.

ही कसोटी आपण शिकलो का? सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध पिऊन वीसहून अधिक बालके दगावली. औषध तामिळनाडूत बनले होते, आणि त्यात मिसळलेले रसायन तेच, डायएथिलीन ग्लायकॉल. आधी अटक झाली ती औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना, उत्पादकाला त्यानंतर. त्या डॉक्टरांचा दोष किती हे न्यायालय ठरवील. मला फक्त क्रमाकडे लक्ष वेधावयाचे आहे. बालकाच्या आईवडिलांच्या सर्वांत जवळ जो उभा होता, त्याच्यावर आधी हात पडला. जवळ असणे हा मात्र दोषाचा पुरावा नव्हे.

आता दुसरी बाजू. कधीकधी चूक खरोखरच शेवटच्या हाताची असते. डिसेंबर १९९३ मध्ये दिल्लीकडील स्प्रिंग मेडोज रुग्णालयात विषमज्वराने आजारी असलेले एक लहान मूल दाखल होते. परिचारिकेने चिठ्ठीवर लिहून दिलेले इंजेक्शन वडिलांनी दुकानातून आणले. तिने ते शिरेतून दिले. आईच्या डोळ्यांदेखत मूल कोसळले. जीव वाचला, पण मेंदूला कायमची इजा झाली. ज्या औषधाची ती सुई होती ते हिवतापाचे होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९८ मध्ये रुग्णालयाला जबाबदार धरले. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या मनस्तापासाठी स्वतंत्र पाच लाख रुपये, अशी जी भरपाई राष्ट्रीय आयोगाने ठरवली होती ती कायम केली. आयुष्यभर अंथरुणाला खिळलेल्या लेकराकडे पाहत जगणे ही आईवडिलांचीही हानी आहे, हे त्या निकालाने मान्य केले. कायद्याच्या भाषेत हे फार मोठे पाऊल होते. आईला ते सांगावे लागत नाही.

ह्या परिचारिकेने पाप केले काय? प्रश्न विचित्र वाटेल, पण आमच्यासारख्यांना तो विचारावाच लागतो. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना दोन प्रकारचे दोष आम्हांला वेगळे करून शिकवले जात: एक देवापुढचा दोष आणि दुसरा कायद्यापुढचा दोष. जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने वाईट केले तर तो देवापुढचा दोष; तेथे सदसद्‌विवेकबुद्धी साक्ष देते. पण मनात काहीही वाईट नसताना, केवळ एखाद्या व्यवसायात अपेक्षित असलेली दक्षता कमी पडल्याने हानी झाली, तर तो कायद्यापुढचा दोष. जुने नीतिशास्त्रज्ञ म्हणत की अशा माणसावर पापाचा भार नाही. परंतु न्यायाधीशाने भरपाई द्यावयास सांगितली, तर ती देणे हे मात्र त्याचे विवेकानेही कर्तव्य होते. म्हणजे पाप नाही, तरी देणे आहे. ह्या विषयाचे आचार्य संत अल्फोन्सस लिगोरी हे धर्मगुरू होण्याआधी नेपल्समध्ये वकील होते, आणि एका कागदाचा अर्थ लावण्यात चूक झाल्यामुळे १७२३ साली मोठा खटला हरून त्यांनी वकिली सोडली, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. हेतू शुद्ध असतानाही नजर चुकते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसेल.

हा भेद जुनाट वाटला तरी मला तो आजही अतिशय उपयोगी वाटतो, कारण तो दोन्ही बाजूंना मोकळे करतो. परिचारिकेला तो सांगतो की, तुझ्या हातून झालेली हानी आणि तुझे मन ह्या दोन गोष्टी एक नाहीत. आणि रुग्णालयाला तो सांगतो की, “आमचा हेतू चांगला होता” हे उत्तर पुरेसे नाही. हेतू कोणी विचारलाच नव्हता.

येथे पुण्यातला एक जुना खटला आठवतो. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले ह्या नावाने तो भारतातील प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. मोटारीने दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्यास आणले. शल्यविशारदांनी मॉर्फियाचे इंजेक्शन द्यावयास सांगितले, पण भूल दिली नाही. हाड बसवताना जी ओढाताण झाली तिच्या धक्क्याने तो मरण पावला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. त्याच दिवशी रात्री मुलगा गेला. भरपाई ठरली तीन हजार रुपये, आणि सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द आला १९६८ साली, पंधरा वर्षांनी. तीन हजार रुपयांसाठी कोणी पंधरा वर्षे भांडत नाही. त्या आईवडिलांना कोणाच्या तरी तोंडून हवे होते की, आमच्या मुलाचे असे असे झाले, आणि ते टाळता आले असते.

ख्रिस्ती रुग्णालयेही ह्यातून सुटलेली नाहीत, आणि आपण ते लपवू नये. १९९५ साली लुधियानाच्या ख्रिस्ती मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात एका रुग्णाला श्वास घेता येईना म्हणून प्राणवायूचे नळकांडे आणले, तर ते रिकामे निघाले. दुसरे येईपर्यंत उशीर झाला. डॉक्टरांवर फौजदारी खटला झाला. २००५ साली जेकब मॅथ्यू ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण डॉक्टरला गुन्हेगार ठरवावयाचे तर निष्काळजीपणा अत्यंत गंभीर स्वरूपाचा असला पाहिजे. मात्र नळकांडे उपलब्ध नव्हते ह्याबद्दल रुग्णालयावर दिवाणी जबाबदारी येऊ शकते, असेही न्यायालयाने सुचवले. रिकामे नळकांडे कोणी पाहिले नाही? ते पाहणे कोणाच्या कामात लिहिलेले होते? खरा प्रश्न हा आहे, आणि तो विचारणे डॉक्टरला बेड्या घालण्यापेक्षा कठीण आहे.

आपल्या कारखान्यांतील बांधव हा प्रश्न विचारावयास शिकले आहेत. चाकणच्या कोणत्याही मोठ्या कारखान्यात ‘पोका-योके’ हा जपानी शब्द कामगाराला माहीत असतो. सुटा भाग असा घडवावयाचा की तो उलटा बसूच नये. बसला, तर कामगाराला बोलण्याआधी, तो उलटा बसू कसा शकला हे तपासावयाचे. वैद्यकातही हे तत्त्व अगदी नाही असे नाही: प्राणवायूच्या नळकांड्याच्या तोंडाशी खाचा अशा असतात की ते भुलीच्या वायूच्या जागी बसत नाही. पण औषधांच्या कपाटात काय चित्र असते? पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र इंजेक्शन पातळ न करता शिरेत गेले तर हृदय थांबते; आणि त्याची काचेची कुपी शेजारच्या निरुपद्रवी कुपीसारखीच दिसते. ते वॉर्डात ठेवूच नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला आहे. औषधचिठ्ठीवरील अक्षर वाचता यावे, शक्यतो मोठी अक्षरे वापरावीत, हा नियम वैद्यक परिषदेने २०१६ साली केला; इतकी साधी गोष्ट नियम करून सांगावी लागली.

जुन्या करारातील अनुवाद ग्रंथात ह्याच अर्थाची एक तरतूद आहे, आणि ती आपण प्रवचनात क्वचितच घेतो. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी खाली पडून मेला तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल. पडणाऱ्याचा पाय का घसरला हे तेथे विचारलेले नाही. त्याच ग्रंथात लाकूड तोडताना दांड्यातून निसटलेल्या कुऱ्हाडीने शेजारी मेला, तर तोडणाऱ्याला आश्रयाच्या नगरात पळून जीव वाचवण्याची मुभा आहे. घरमालकाला कठडा आणि कुऱ्हाडवाल्याला आश्रय, ह्या दोन्ही गोष्टी एकाच नियमशास्त्रात शेजारी शेजारी आहेत. आपल्या रुग्णालयांत कठडे अपुरे आहेत, आणि आश्रयाचे नगर तर कोठेच नाही.

कामगाराची गोष्ट पाहा. १९२३ साली झालेल्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आपल्याकडे असे तत्त्व आणले की, कामावर असताना कामगाराला इजा झाली, तर मालकाची चूक होती हे सिद्ध करावयाची गरज साधारणतः नाही, भरपाई द्यावयाचीच. मशीनवर बोट गेलेल्या माणसाला मालकाच्या मनातला दोष शोधत बसावे लागत नाही. तोच माणूस रुग्णालयात चुकीच्या इंजेक्शनने अपंग झाला, तर मात्र त्याला निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली, त्यामुळे वाट थोडी सोपी झाली. तरी दोष दाखवावाच लागतो. न्यूझीलंड ह्या लहानशा देशाने १९७४ पासून वेगळी व्यवस्था केली आहे. तेथे उपचारामुळे झालेल्या इजेला आज कोणाचाही दोष सिद्ध न करता सार्वजनिक निधीतून भरपाई मिळते. आपला देश मोठा, पैसा थोडा, हे मी जाणतो. पण तत्त्व म्हणून ते मला न्याय्य वाटते, कारण तेथे कुटुंबाला भाकरी मिळवण्यासाठी कोणाला तरी गुन्हेगार ठरवावे लागत नाही.

आपण मात्र उलट दिशेने चाललो आहोत की काय, अशी शंका येते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास पूर्वी सर्वांनाच कमाल दोन वर्षांची शिक्षा होती. आता कलम १०६ नुसार ती पाच वर्षांपर्यंत गेली आहे. वैद्यकीय उपचार करताना तसे घडले तर नोंदणीकृत डॉक्टरांसाठी मात्र दोनच वर्षे ठेवली आहे. ही सवलत ज्या व्याख्येने दिली तिच्यात वैद्यक नोंदवहीत नाव असलेले डॉक्टरच येतात. परिचारिका येत नाही. म्हणजे एकाच खाटेपाशी, एकाच रात्री, एकाच औषधाच्या बाबतीत, लिहिणाऱ्याला दोन वर्षांची भीती आणि देणारीला पाच वर्षांची. हा भेद कोणत्या न्यायाने केला हे मला उमगत नाही. ज्यांच्या लेकी रात्रपाळीला जातात त्या आईवडिलांनी हे कलम एकदा वाचावे.

भीतीचा परिणाम काय होतो? अमेरिकेतील नॅशव्हिल येथे २०१७ च्या डिसेंबरात एका परिचारिकेने गुंगीच्या औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारे औषध दिले. दोन्हींच्या इंग्रजी नावांचा आरंभ सारखा होता, आणि यंत्राच्या कपाटाने पहिल्या दोन अक्षरांवर दुसरेच औषध पुढे केले. इशारे तिने ओलांडले, हेही खरे. वृद्ध रुग्ण दगावली. चूक लक्षात येताच परिचारिकेने स्वतः सांगितली. रुग्णालयाने कुटुंबाशी न्यायालयाबाहेर तडजोड केली. २०२२ साली फौजदारी दोषी ठरली ती परिचारिका. तुरुंग टळला, तीन वर्षांची देखरेख झाली. त्या निकालानंतर तेथील हजारो परिचारिकांनी जो धडा घेतला तो उघड आहे: बोलू नये. आणि जेथे कोणी बोलत नाही तेथे ती सारखी दिसणारी कुपी त्याच कपाटात, त्याच कप्प्यात राहते.

अशा वेळी धर्मगुरूने काय सांगावे? कोणाचे पापनिवेदन मनात ठेवून मी हे लिहीत नाही. तसे करता येत नाही. पण समजा, एखादी परिचारिका येऊन म्हणाली, “फादर, काल रात्री माझ्याकडून दुसऱ्याच खाटेचे इंजेक्शन गेले, आणि अजून कोणाला कळलेले नाही,” तर? रुग्ण जिवंत असेल तर उत्तरात तसूभरही शंका नाही. तिने तत्क्षणी डॉक्टरांना सांगितले पाहिजे. प्रतिकाराची वेळ मिनिटांत मोजली जाते, आणि नोकरीच्या भीतीने ती वेळ जाऊ देणे हा मग देवापुढचाही दोष होतो. चूक ही चूक होती. लपवणूक ही निवड आहे.

रुग्ण दगावला असेल तर प्रश्न अवघड होतो. कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, असे आपले संविधान विसाव्या अनुच्छेदात म्हणते, आणि जुने नीतिशास्त्रही न्यायाधीशापुढे स्वतःला अडकवण्याचे ओझे सहसा कोणावर टाकत नाही. दुसरीकडे, हानीची भरपाई टाळता येत नाही, आणि मेलेल्याच्या घरच्यांना सत्य कळणे हा त्या भरपाईचाच भाग आहे. माझे मत असे की ते सत्य सांगण्याचे पहिले कर्तव्य रुग्णालयाचे आहे, त्या मुलीचे नव्हे. रुग्णालयाने तिला बोलण्याइतके अभय द्यावे, आणि कुटुंबापुढे स्वतःच्या नावाने उभे राहावे. एका परिचारिकेकडे किती खाटा दिल्या, सलग किती पाळ्या लावल्या, कोणती कुपी कोठे ठेवली, हे सर्व निर्णय त्याचे होते. आपल्या धर्मभगिनींच्या आणि संस्थांच्या रुग्णालयांनी तरी हे पहिल्यांदा करावे. त्यांचे वकील बहुधा उलटा सल्ला देतील. वकिलांचे ते कामच आहे.

आणि कुटुंबांनी? दंगा करून, काचा फोडून सत्य मिळत नाही; महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने तो स्वतंत्र गुन्हाच आहे. २००२ च्या वैद्यक परिषदेच्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास केसपेपर ७२ तासांच्या आत द्यावे लागतात. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. ग्राहक आयोगाकडे जावयाचे असेल तर घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. हातात आलेल्या कागदांत त्या रात्री कोणते औषध, किती, किती वाजता दिले ह्याची नोंद असते, आणि खाली शेवटच्या हाताची सही असते. ती कुपी कोणी खरेदी केली, कपाटात कोणी लावली, त्या पाळीला वॉर्डात किती रुग्ण आणि किती परिचारिका होत्या, हे त्या कागदावर नसते. ते वेगळे मागावे लागते.